वायडूने मॉड बसतात, पण खेळात 'इनव्हॅलिड' आणि आकडे दिसतात (बाल्डर्स गेट २, एन्हान्स्ड एडिशन)

गंगापूररोडकर (धागाकर्ता)

नमस्कार नाशिककर मंडळी,

बाल्डर्स गेट २ या संगणक खेळाची एन्हान्स्ड एडिशन, गॉग या ऑनलाइन दुकानातली प्रत, विंडोज ११. अकरा मॉड (चाहत्यांनी बनवलेल्या, खेळात भर घालणाऱ्या फाइली), एकूण ६४ घटक (मॉडचे सुटे बसवता येणारे भाग). प्रत्येक मॉडची सेटअप फाइल उघडून एकेका प्रश्नाला उत्तर देण्याऐवजी सगळे एकाच बॅच फाइलमधून वायडू या मॉड बसवणाऱ्या प्रोग्रामच्या कमांड लाइनने एकापाठोपाठ बसवले आहेत.

लक्षणं अशी:

काळ्या खिडकीत प्रत्येक घटकापुढे 'सक्सेसफुली इन्स्टॉल्ड' येतं. वायडू.लॉगमध्ये ६४ च्या ६४ नोंदी आहेत. खेळ सुरू होतो, मध्येच बंदही पडत नाही. पण मॉडमधून आलेल्या प्रत्येक नव्या वस्तूच्या नावाच्या जागी 'इनव्हॅलिड' आणि पुढे सहा आकडी क्रमांक. नव्या सोबत्याचे संवादही तसेच. मूळ खेळाचा मजकूर मात्र सगळा जागेवर आहे.

दोनदा सगळं पुसून पुन्हा बसवलं, निकाल तोच. कुठे बघावं?

(कमांड आणि फाइलींची नावं इथे देवनागरीत लिहू, टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत.)

---

पंचवटी२

पहिला संशय जागेवर. खेळ प्रोग्राम फाइल्सच्या आत आहे का? तिथे लिहायला विंडोज सहजासहजी परवानगी देत नाही. काही वेळा लिहिलेल्या फाइली गुपचूप व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या फोल्डरात वळवतो. मग वायडूला वाटतं फाइल लिहिली, आणि खेळ वाचतो जुनीच.

डी ड्राइव्हच्या मुळाशी 'गेम्स' फोल्डर, त्यात 'बीजी२'. एवढा छोटा मार्ग ठेवा. वनड्राइव्हच्या आत नको, कारण ते मागून फाइली सिंक करताना अडकवून ठेवतं. आणि फोल्डरच्या नावात देवनागरी अक्षरं नकोत, फक्त इंग्रजी अक्षरं आणि आकडे.

---

सिडको_रात्रपाळी

डिफेंडर बघितला का? सेटअप फाइल म्हणजे वायडू.एक्झीचीच नाव बदललेली प्रत असते, तिच्यावर सही नसते, म्हणून अँटिव्हायरस तिला कधीकधी उचलून क्वारंटाइनमध्ये टाकतो. खेळाचं फोल्डर अपवादांच्या यादीत घाला.

---

गंगापूररोडकर

@पंचवटी२, खेळ डी ड्राइव्हवरच आहे, 'गेम्स'च्या आत. मार्गात देवनागरी नाही, वनड्राइव्हही नाही.

@सिडको_रात्रपाळी, डिफेंडरच्या इतिहासात काही नाही. अपवाद आधीपासून घातलेला आहे.

---

अंजनेरी

सक्सेसफुली इन्स्टॉल्ड आलं म्हणजे परवानगी आणि अँटिव्हायरस हे दोन्ही बहुतेक बाद. ते आड आले असते तर वायडूने तिथेच हात टेकले असते.

मुळातून जाऊ. या खेळाच्या इन्फिनिटी इंजिनमध्ये वस्तूच्या फाइलीत नाव लिहिलेलं नसतं, फक्त एक क्रमांक असतो. खरा मजकूर डायलॉग.टीएलके या एकाच मोठ्या फाइलीत असतो आणि खेळ क्रमांकावरून तो शोधतो. मॉड बसवताना वायडू नवी वाक्यं त्या फाइलीच्या शेवटी जोडतो आणि मिळालेले नवे क्रमांक ओव्हरराइड फोल्डरातल्या वस्तू, पात्रं, संवाद यांत लिहितो.

'इनव्हॅलिड' याचा अर्थ सरळ आहे: खेळ जी डायलॉग.टीएलके वाचतोय तिच्यात तो क्रमांकच नाही. ओव्हरराइड नवं, टीएलके जुनी. आता दोघांची जोडी कुठे फुटली एवढंच शोधायचं.

नेहमीचं एक कारण म्हणजे मॉड बसवल्यानंतर स्टीम किंवा गॉगमधून 'फाइली तपासा, दुरुस्त करा' चालवणं. त्या तपासणीत दुकानाच्या यादीतल्या फाइली मूळ रूपात परत येतात, म्हणजे डायलॉग.टीएलके कोरी होते. ओव्हरराइडमधल्या जास्तीच्या फाइली मात्र त्या यादीत नसतात, म्हणून त्या तशाच राहतात. परिणाम हुबेहूब तुमच्यासारखा. खेळाचा अपडेट आपोआप उतरला तरी हेच होतं.

असं काही केलंत का?

---

गंगापूररोडकर

नाही. गॉगचा ऑफलाइन इन्स्टॉलर आहे, गॅलेक्सी (गॉगचं ॲप) बसवलेलंच नाही. पण टीएलकेचा मुद्दा पटला.

---

निफाडकर

सीज ऑफ ड्रॅगनस्पिअर आहे का? ते डीएलसी (खेळाची वेगळी मिळणारी जोड) बंद झिप फाइलीत येतं आणि वायडूला त्या झिपच्या आत बघता येत नाही. आधी डीएलसी मर्जर चालवून ते खेळात मिसळावं लागतं, मगच बाकीचे मॉड.

---

अंजनेरी

@निफाडकर, ड्रॅगनस्पिअर पहिल्या भागाचं डीएलसी आहे, हा धागा दुसऱ्या भागाचा. शिवाय डीएलसी न मिसळल्याचं लक्षण वेगळं असतं. तिथे 'रिसोर्स नॉट फाउंड' म्हणत घटक बसतच नाही, 'नॉट इन्स्टॉल्ड ड्यू टू एरर्स' येतं.

---

निफाडकर

बरोबर, गल्लत झाली. पण दोन्ही भाग जोडायचा विचार असेल त्यांच्यासाठी इथेच लिहून ठेवतो, कारण हा प्रश्न दर महिन्याला येतो.

ईईटी, म्हणजे एन्हान्स्ड एडिशन ट्रिलॉजी, पहिल्या भागाला दुसऱ्याच्या इंजिनात आणते. क्रम असा. पहिल्या भागाच्या फोल्डरात डीएलसी मर्जर. जे मॉड ईईटीला ओळखत नाहीत ते त्याच फोल्डरात, ईईटीच्या आधी. मग दुसऱ्या भागाच्या फोल्डरात ईईटी. त्यानंतरचे सगळे मॉड दुसऱ्या भागाच्या फोल्डरातच, पहिल्या भागाला आता हात लावायचा नाही. शेवटी ईईटी_एंड.

आमच्याकडे द्राक्षाला आधी डॉगरिजचा खुंट लावतात, तो धरला की त्यावर हव्या त्या वाणाचं कलम. कलम फुटल्यावर खुंट बदलता येत नाही. ईईटी हा खुंट आहे. वीस मॉड बसल्यावर डीएलसी मिसळायचं राहिलं हे आठवलं, तर सगळं उपटूनच पुन्हा लावावं लागतं.

---

सातपूर_लिनक्स

विषय थोडा बाजूला नेतो, पण लिनक्सवाले वाचत असतील तर: बहुतेक मॉडच्या झिपमध्ये फक्त विंडोजची सेटअप फाइल असते. तिची गरज नाही. लिनक्सचा वायडू उतरवा आणि त्याला मॉडची टीपी२ फाइल (मॉड कसा बसवायचा याच्या सूचनांची) थेट द्या.

खरी डोकेदुखी लहान-मोठ्या अक्षरांची. विंडोजला 'ओव्हरराइड' कॅपिटल काय नि स्मॉल काय, सारखंच. लिनक्सला ती दोन वेगळी फोल्डरं. मॉड लिहिणाऱ्याने टीपी२ मध्ये एका तऱ्हेने आणि डिस्कवर दुसऱ्या तऱ्हेने नाव लिहिलं की 'फाइल नाही' म्हणून घटक पडतो. उपाय तीन:

वायडूच्या लिनक्स झिपमध्ये 'टूलोअर' नावाची छोटी उपयुक्तता येते, ती खेळाच्या फोल्डरातली नावं स्मॉल करते. प्रत्येक नवा मॉड उलगडल्यावर ती पुन्हा चालवायची, हे लोक विसरतात.

दुसरा उपाय लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइलसिस्टिमची केसफोल्ड सोय, म्हणजे नावातल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक न मानणं. कर्नल ५.२ पासून, म्हणजे २०१९ पासून ती आहे. फाइलसिस्टिमवर ती सुरू केलेली असली की रिकाम्या फोल्डरवर 'सीएचॲटर +एफ' चालवायचं, मग त्यात खेळ कॉपी करायचा. फोल्डर रिकामंच हवं, भरलेल्यावर ती खूण लागत नाही.

तिसरा, वाइनमधून (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन) विंडोजचीच सेटअप फाइल चालवणं. वाइन अक्षरांचा फरक स्वतः सांभाळतं. वेळ जास्त लागतो, कटकट सगळ्यात कमी.

---

इंदिरानगर_मॅक

मॅकवाल्यांसाठी दोन ओळी. चिटिन.की ही खेळाच्या फाइलींच्या सूचीची फाइल ॲपच्या पोटात असते: ॲपवर उजवी टिचकी, 'शो पॅकेज कंटेंट्स', मग कंटेंट्स, मग रिसोर्सेस. मॉड तिथे टाकायचे. जुन्या मॉडसोबत येणारा वायडू ३२ बिटांचा असू शकतो, आणि २०१९ च्या कॅटालिनापासून मॅकवर ३२ बिटांचं काहीच चालत नाही. नवा वायडू उतरवून त्याला टीपी२ द्या. 'अनोळखी विकासक' म्हणून मॅकने अडवलं तर 'एक्सॲटर'ने क्वारंटाइनची खूण काढा.

---

पंचवटी२

मूळ प्रश्नाकडे. मॉडचा क्रम काय ठेवलाय? एससीएस, म्हणजे शत्रूंना डावपेच शिकवणारा सोर्ड कोस्ट स्ट्रॅटेजेम्स हा मॉड, शेवटी आहे ना? कुंभात आखाड्यांच्या स्नानाचा क्रम ठरलेला असतो, मागचा पुढे घुसला की घाटावर गोंधळ. मॉडचंही तसंच. आधी दुरुस्तीवाले, मग मोहिमा आणि सोबती, मग वस्तू आणि किट (पात्रांचे उपवर्ग), मग ट्वीक्स (छोटे-मोठे फेरबदल) आणि सर्वात शेवटी एससीएस.

---

गोदाघाट

क्रमाशी बहुतांशी सहमत, कारणही सांगायला हवं. एससीएस शत्रूंच्या हातात काय आहे, कोणते मंत्र आहेत हे आधी वाचतं आणि त्यावरून त्यांच्या डावपेचांच्या स्क्रिप्ट लिहितं. नंतर आलेल्या मॉडने नवे शत्रू आणले तर त्यांना ती बुद्धी मिळत नाही.

पण ट्वीक्स अँथॉलॉजी सरसकट एससीएसच्या आधी, हे मला पटत नाही. सगळ्या वस्तूंवर किंवा सगळ्या पात्रांवर एकदम फिरणारे ट्वीक्स एससीएसनंतर लावावेत. नाहीतर एससीएसने नव्याने तयार केलेल्या फाइली त्यातून सुटतात.

---

पंचवटी२

मग एकच मॉड अर्धा आधी, अर्धा नंतर? वायडूच्या मेनूतून ते फार किचकट होतं.

---

गोदाघाट

मेनूतून होतं, पण कमांड लाइन त्याच्यासाठीच उत्तम. 'फोर्स-इन्स्टॉल-लिस्ट' पुढे दिलेलेच घटक बसतात, आधी बसलेल्या बाकीच्यांना धक्का लागत नाही. म्हणून तोच मॉड दोनदा बोलवायचा: एससीएसच्या आधी एक यादी, नंतर दुसरी.

आकडे कुठून घ्यायचे ते नीट बघा. मेनूत दिसणारा अनुक्रम म्हणजे घटकाचा क्रमांक नव्हे. तिसऱ्या ओळीवर दिसणाऱ्या घटकाचा खरा क्रमांक ११० असू शकतो. तो असा मिळवायचा:

वायडू --नोगेम --लिस्ट-कंपोनंट्स मॉड/मॉड.टीपी२ ०

शेवटचं शून्य म्हणजे मॉडच्या भाषांच्या यादीतली पहिली भाषा. उत्तर वायडू.लॉगच्याच पद्धतीने येतं: टीपी२ चं नाव, मग # आणि भाषेचा क्रमांक, मग # आणि घटकाचा क्रमांक, मग दोन तिरप्या रेघांनंतर घटकाचं नाव. दुसरा # तो घटक. पहिला # बघून यादी केली की चुकीचेच घटक बसतात.

---

सिडको_रात्रपाळी

क्रम चुकला तर मधला एक काढून पुन्हा लावता येतोच की. वायडू विचारतो, काढतो, बाकीचे परत बसवतो.

---

गोदाघाट

येतो, पण त्याची किंमत समजून घ्या. वायडूची रचना ताटांच्या चळतीसारखी आहे. खालून पाचवं ताट काढायचं तर त्याच्या वरची सगळी उतरवायची, ते काढायचं, मग वरची एकेक परत चढवायची. ६४ घटकांत पाचवा काढला तर ५९ उतरतात आणि चढतात. एससीएस त्यात असेल तर हजारो स्क्रिप्ट पुन्हा तयार होतात. मध्ये कुठे तरी एखादा चढताना पडला तर चळत अर्धवट.

मधला घटक बदलायचा असेल तर कोऱ्या प्रतीवर बॅच फाइल पुन्हा पहिल्यापासून चालवणं हे जास्त भरवशाचं. फाइलीत एक ओळ बदलायची, बाकी काम यंत्र करतं.

---

अंजनेरी

कोऱ्या प्रतीचं लिहितो, कारण ती नसेल तर पुढचं काहीच धड होत नाही.

खेळ बसवला की मॉडच्या आधी एकदा सुरू करून बंद करा, म्हणजे डॉक्युमेंट्समध्ये त्याचं सेटिंगचं फोल्डर आणि त्यात बाल्डर.लुआ ही सेटिंगची फाइल तयार होते. मग अख्खं फोल्डर 'बीजी२-कोरा' नावाने बाजूला. दर वेळी नवी सुरुवात:

रोबोकॉपी डी:\गेम्स\बीजी२-कोरा डी:\गेम्स\बीजी२ /एमआयआर

'एमआयआर' म्हणजे आरसा. दुसऱ्या फोल्डरात जे जास्तीचं असेल ते पुसलं जातं, म्हणून ओव्हरराइड, वायडू.लॉग, मॉडची फोल्डरं सगळी जातात. आधी स्रोत, मग ठिकाण. उलट लिहिलंत तर मॉड लावलेलं फोल्डर कोऱ्यावर चढेल आणि कोरा कायमचा जाईल. एंटर दाबण्यापूर्वी ती ओळ एकदा मोठ्याने वाचा. मॉडच्या मूळ झिप वेगळ्या फोल्डरात ठेवा आणि आरसा झाल्यावर तिथून उलगडा.

नुसतं ओव्हरराइड पुसून 'कोरा केला' समजू नका. डायलॉग.टीएलके बदललेलीच राहते.

आणि हो, पावसाळ्यात मध्येच वीज जाते. घटक बसत असताना यंत्र बंद पडलं तर ओव्हरराइडमध्ये अर्ध्या फाइली नव्या असतात, पण वायडू.लॉगमध्ये त्या घटकाची नोंद झालेली नसते. तिथून पुढे चालू ठेवू नका. आरसा, आणि पहिल्यापासून. यूपीएस नसेल तर दर दहा-पंधरा घटकांनंतर एक टप्प्याची प्रत घ्या, तेवढंच मागे जावं लागतं.

---

गंगापूररोडकर

क्रम ठीक वाटतो: दुरुस्ती, सोबती, वस्तू, एससीएस, ट्वीक्स. दोन्ही वेळा रोबोकॉपीनेच कोऱ्या प्रतीवर परत गेलोय, ओव्हरराइड हाताने पुसलं नव्हतं. डीबग फाइलींत (वायडूच्या कामाच्या नोंदींत) 'एरर' शोधलं, काहीच नाही.

---

सिडको_रात्रपाळी

कसं शोधलंत? प्रत्येक फाइल उघडून?

---

गंगापूररोडकर

फाइंडस्ट्रने. प्रत्येक कमांडला '--लॉग' देऊन वेगळी लॉग फाइल केली आहे, मग

फाइंडस्ट्र /आय /एम "एरर वॉर्निंग" *.लॉग

'/आय' म्हणजे लहान-मोठी अक्षरं सारखी धरायची, '/एम' म्हणजे फक्त फाइलींची नावं दाखवायची. अवतरणातले दोन शब्द जागा सोडून लिहिले की दोन्हींपैकी एक असला तरी चालतो.

---

सिडको_रात्रपाळी

हे उत्तम आहे, उचलतो. 'इन्स्टॉल्ड विथ वॉर्निंग्ज' वाचायचं राहून जातं, ते यात सापडेल.

---

अंजनेरी

गंगापूररोडकर, तीन गोष्टी पाहून इथे लिहा.

एक, खेळाच्या फोल्डरात वायडू.कॉन्फ नावाची इवलीशी फाइल आहे. नोटपॅडमध्ये उघडा. त्यात 'लँग_डिर' ची ओळ काय म्हणते?

दोन, 'लँग' फोल्डरच्या आत प्रत्येक भाषेचं उपफोल्डर आहे, प्रत्येकात स्वतःची डायलॉग.टीएलके. प्रत्येकीची बदललेली तारीख बघा. आजची तारीख कोणत्या फोल्डरात आहे?

तीन, बॅच फाइलीतली अगदी पहिली वायडूची ओळ जशीच्या तशी.

---

गंगापूररोडकर

एक: लँग_डिर = सीएस_सीझेड
दोन: आजची तारीख सीएस_सीझेडमध्ये. ईएन_यूएसमधली टीएलके जुन्याच तारखेची.
तीन: एको ० | वायडू मॉड/मॉड.टीपी२ --लँग्वेज ० --फोर्स-इन्स्टॉल-लिस्ट ० १ ३ --लॉग ०१.लॉग

सीएस_सीझेड म्हणजे झेक? खेळ तर इंग्रजीत चालतोय.

---

अंजनेरी

सापडलं.

एन्हान्स्ड एडिशनमध्ये दोन वेगळ्या भाषा आहेत आणि वायडू दोन्ही विचारतो. पहिली खेळाची भाषा: 'लँग'मधल्या कोणत्या डायलॉग.टीएलकेत मजकूर जोडायचा. दुसरी मॉडची भाषा: मॉडचा स्वतःचा मजकूर कोणत्या अनुवादातून घ्यायचा. '--लँग्वेज ०' फक्त दुसरीचं उत्तर देतं. पहिलीसाठी वेगळा पर्याय आहे, '--यूज-लँग'.

तुमच्या पहिल्या ओळीत तो नाही. म्हणून वायडूने पहिल्यांदा चालताना खेळाची भाषा विचारली. तुम्ही 'एको ०' जोडून ठेवलं होतं, त्यामुळे प्रश्न पडद्यावर थांबलाच नाही, उत्तर शून्य गेलं. ती यादी फोल्डरच्या नावांची असते आणि इंग्रजी वर्णक्रमात सीएस_सीझेड सगळ्यात आधी येतं. शून्य म्हणजे झेक. ते उत्तर वायडूने वायडू.कॉन्फमध्ये लिहून ठेवलं आणि पुढच्या दहाही मॉडनी न विचारता तेच वापरलं.

म्हणून सगळं 'सक्सेसफुली'. वायडूच्या दृष्टीने काहीच चुकलं नाही, ६४ घटकांचा मजकूर झेक टीएलकेत व्यवस्थित जोडला गेला. खेळ मात्र बाल्डर.लुआमध्ये लिहिलेली भाषा, म्हणजे ईएन_यूएस, वाचतो. त्या टीएलकेत ते क्रमांक नाहीत.

दोनदा कोऱ्यावर जाऊनही तेच झालं, कारण बॅच फाइलीने दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

---

पंचवटी२

मग नुसतं वायडू.कॉन्फमध्ये ईएन_यूएस लिहून चालेल का? किंवा झेक टीएलके इंग्रजीच्या जागी कॉपी करून?

---

अंजनेरी

दोन्ही नको. कॉन्फ बदलल्याने आधीच झेकमध्ये जोडलेला मजकूर इंग्रजीत येत नाही, आणि त्यानंतर काढा-घाला केली तर वायडू चुकीच्या टीएलकेवर काम करेल. टीएलके कॉपी केली तर मॉडची नावं दिसतील, पण मूळ खेळाचा सगळा मजकूर झेकमध्ये.

आरसा चालवा, कोऱ्या प्रतीत वायडू.कॉन्फ नाही याची खात्री करा, मग प्रत्येक ओळ अशी:

वायडू मॉड/मॉड.टीपी२ --यूज-लँग ईएन_यूएस --लँग्वेज ० --फोर्स-इन्स्टॉल-लिस्ट ० १ ३ --स्किप-ॲट-व्ह्यू --नोऑटोअपडेट --नो-एक्झिट-पॉज --लॉग ०१.लॉग

'--स्किप-ॲट-व्ह्यू'मुळे प्रत्येक मॉडची माहितीपत्रकं आपोआप उघडत नाहीत. '--नोऑटोअपडेट'मुळे वायडू फोल्डरातल्या दुसऱ्या सेटअप फाइलींशी आवृत्ती जुळवत बसत नाही. '--नो-एक्झिट-पॉज'मुळे शेवटी एंटरची वाट बघत नाही.

आणि 'एको ०' काढूनच टाका. काही मॉड मधेच आकडा किंवा पर्याय विचारतात. तिथे बॅच थांबलेली दिसली की माणूस बघून उत्तर देतो. शून्य आधीच पेरून ठेवलं तर कोणत्या प्रश्नाला गेलं ते कधीच कळत नाही.

---

गोदाघाट

यात एक भर. मॉडची भाषा '० म्हणजे इंग्रजी' हेही गृहीत धरू नका. बऱ्याच मॉडमध्ये असतं, सगळ्यांत नाही. फ्रेंच किंवा जर्मन लेखकांच्या मॉडमध्ये शून्यावर त्यांची भाषा असू शकते. आधी

वायडू --नोगेम --लिस्ट-लँग्वेजेस मॉड/मॉड.टीपी२

चालवून इंग्रजीचा क्रमांक बघा आणि तोच त्या ओळीत लिहा.

---

निफाडकर

हेच सगळं प्रोजेक्ट इन्फिनिटी या प्रोग्राममध्ये खिडक्यांमधून होतं. एवढ्या ओळी हाताने का लिहायच्या?

---

अंजनेरी

होतं, आणि नवख्याला मी तेच सुचवेन. पण तेही आतून वायडूलाच बोलावतं. काही बिघडलं की शेवटी वायडू.कॉन्फ, वायडू.लॉग आणि डीबग फाइलच वाचावी लागते. बॅच फाइल असली की वर्षभरानंतरही तीच मांडणी ओळ न ओळ उभी करता येते.

---

गंगापूररोडकर

बसलं! आरसा, '--यूज-लँग', 'एको' काढला. ईएन_यूएसच्या टीएलकेवर आजची तारीख आली, वायडू.कॉन्फमध्ये ईएन_यूएस. नव्या खेळात वस्तूंची नावं आणि सोबत्याचे संवाद सगळे नीट. तीन मॉडची इंग्रजी शून्यावर नव्हती, गोदाघाट यांच्यामुळे तेही आधीच कळलं. मधेच प्रश्न विचारणारा एक मॉडही निघाला, त्याला इतके दिवस शून्यच जात होतं.

मनापासून आभार. एक शंका उरली: जुन्या सेव्हमध्ये एका तलवारीचं वर्णन अजून मूळचंच आहे, नव्या खेळात बदललेलं दिसतं.

---

गोदाघाट

मॉड बदलल्यावर जुना सेव्ह चालवूच नका. तुम्ही एकदा पाऊल टाकलेला प्रत्येक नकाशा, तिथल्या पात्रांसकट, सेव्हमध्ये साठवलेला असतो. तिथे मॉडचे बदल पोचत नाहीत. आधीच्या मांडणीत क्रमांक वेगळे होते, त्यामुळे मजकुराची सरमिसळही होऊ शकते. नवा खेळ.

तलवारीला नेमक्या कोणत्या मॉडने हात लावलाय हे बघायचं तर:

वायडू --चेंज-लॉग तलवारीची-फाइल.आयटीएम

त्या फाइलीत बदल करणारे सगळे घटक क्रमाने दाखवतो. फाइलीचं नाव नियर इन्फिनिटी या खेळाच्या फाइली उघडून दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये शोधा.

---

सिडको_रात्रपाळी

हीच बॅच फाइल आइसविंड डेलच्या एन्हान्स्ड एडिशनवर चालेल का? ट्वीक्स दोन्हीकडे चालतात म्हणून विचारतो.

---

अंजनेरी

ट्वीक्सच्या ओळी चालतील. जे घटक त्या खेळासाठी नाहीत ते वायडू 'स्किपिंग' म्हणून सोडून देतो, ती चूक नाही, घाबरू नका. सोबती आणि मोहिमांच्या ओळी काढा, त्या बाल्डर्स गेटच्याच आहेत. आणि इकडची वायडू.कॉन्फ तिकडे कॉपी करू नका, '--यूज-लँग' दिलंय तर ती तिथे स्वतः तयार होईल. पहिला मॉड बसला की लगेच 'लँग'मधल्या तारखा बघा, मगच पुढच्या ओळी चालवा.